रुखवतातली गोधडी

नेकनूरच्या जानकीबाईला नावं ठेवायला माणूसच लागतो असं नव्हतं. समोर शेळी असली तरी भागायचं. सकाळी दार उघडलं की ती आधी स्वतःच्या शेळीला नाव ठेवायची, मग शेजारच्या नळाला, मग गावातून बीडला जाणाऱ्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरला. तिथून पुढे दिवसाला वेग यायचा. सारी उमर ऊस तोडण्यात गेली, त्यात कंबर कामातून गेली आणि कोयता सुटला. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि कोयत्याची धार होती ती बहुधा तिकडेच सरकली.

दिवाळी झाली की टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोवऱ्या, कोंबड्या, लेकरं सगळं एकावर एक घालून निम्मं गाव कारखान्यांच्या वाटेला लागतं. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांना कधीच कुठे जावं लागत नाही ते लोक. जानकीबाईचा नवरा धर्मराज बैलगाडी घेऊन टोळीबरोबर गेला होता. लेक मनिषा आणि जावई परमेश्वर यांचाही कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, गेला होता. मनिषाला तेव्हा पाचवा महिना चालू होता. हंगामाआधी उचल म्हणून आगाऊ पैसे घेतलेले असले की मुकादम महिने मोजत नाही. जावई "मी हाय ना, आत्याबाई" म्हणाला, त्यावर जानकीबाईने "तू हायेस म्हणूनच तर घोर हाय" असं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि ट्रॉली नजरेआड झाल्यावर घरात जाऊन मुकाट रडून घेतलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गावात 'ऊसतोड कामगार महिला व बालक हस्तकला केंद्र' उघडलं.

आता ज्यांच्यासाठी केंद्र काढलं ते गाव सोडून गेल्यावर केंद्र उघडायचं, हे शहाणपण सहज कुणाला सुचत नाही. त्याला पुढारी लागतो. अमरसिंह भाऊसाहेब हे आमच्या भागातले मोठे बागायतदार आणि त्याहून मोठे पुढारी. त्यांच्या पत्नी विजयमालाताई, म्हणजे गावाच्या वहिनीसाहेब, यांना समाजकार्याची आवड होती. आवड होती म्हणजे फोटो काढून घ्यायची होती. कापसाचं जुनं गोदाम रंगवलं, दाराला तोरण लावलं, मंडप घातला आणि वरातीमागून हे घोडं निघालं.

भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले. "इथं जमलेल्या माझ्या कष्टकरी ऊसतोड माता-भगिनींनो," अशी त्यांनी हाक दिली. समोर अंगणवाडीची पोरं, चार पेन्शनर आणि काठ्या टेकलेल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. भाऊसाहेबांना फरक पडला नाही, कारण भाषण करताना ते समोर बघत नसत.

मागून जानकीबाई ओरडली, "भाऊसाहेब, त्या माता-भगिनी कर्नाटकात हायेत! तिकडं तोंड करून बोला, म्हंजी त्यास्नी आयकू जाईल!"

मंडप हसला. वहिनीसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून कोण बोललं ते नीट बघून ठेवलं.

केंद्र चालवायला पुण्याहून धनश्री नावाची मुलगी आणली होती. पोरगी मनाने वाईट नव्हती, पण तिला प्रत्येक गोष्टीचं कौतुक वाटायचं, आणि हा दोष जानकीबाईच्या लेखी चोरीपेक्षा वाईट होता. गावातल्या पोरांना मातीकाम शिकवायला तिने पुण्याहून पाकिटातली माती मागवली. मातीत खेळतात म्हणून ज्या पोरांच्या पाठीत आयुष्यभर धपाटे बसले, तीच पोरं आता एप्रन घालून, ओळीत बसून, परवानगीने मातीत खेळायला लागली. पोरांनी पहिल्या दिवशी सवयीने पोळ्याचे बैल केले. धनश्रीने सांगितलं, काहीतरी वेगळं करा, जिराफ करा. पोरांनी मान लांब असलेले बैल केले.

मोठ्या माणसांचाही वर्ग होता. पेन्शनर मंडळी भिंतीवर आणि लाकडी पाट्यांवर काड्यांची माणसं रंगवत आणि स्वतःच मागे सरून बघत. बायका सुतळीला गाठी मारून कुंड्या टांगायच्या जाळ्या करत. गावात कुंडी कुणाकडे आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. जानकीबाईने विचारला.

"शिंकं हाय हे," ती दारातूनच म्हणाली. "आमच्या घरात दुधाला टांगायचो. आता दूध न्हाई, म्हणून झाडं टांगा."

"आजी, आत या ना! बसा. खूप शांत वाटतं हे करताना," धनश्री म्हणाली.

"मला शांत वाटलं तर गाव घाबरंल," असं म्हणून जानकीबाई निघून गेली. पण जाता जाता तिने गोदामाची फरशी बघून घेतली. लांबरुंद, गुळगुळीत, ऊन येणारी फरशी होती. ती मनातून हलेना.

कारण होतं मनिषाचं बाळंतपण. लेक माघात माहेरी येणार होती. पहिलं बाळंतपण, आणि घरात लेकराला अंथरायला धड गोधडी नाही. विकतचं मऊ, गुळगुळीत, कार्टूनवालं पांघरूण जानकीबाईला चालणार नव्हतं. लेकरू आईच्या जुन्या कपड्यांवर निजलं पाहिजे, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं.

सासूविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सावित्रीबाई हे तिचं नाव, आणि जानकीबाईला जी जीभ मिळाली ती तिच्याकडूनच. जानकीबाई नवी नवरी असताना तिने पहिला टाका घातला तेव्हा सासू म्हणाली होती, "हा टाका हाय का बांध?" आणि तो उसवायला लावला. दुसराही उसवायला लावला. वर्षभर सासू उसवत गेली आणि सून रडत शिवत गेली. सासूचा आणखी एक नेम होता, की गोधडी कुठेही शिवा, पण शेवटचा कोपरा आपल्या घरात, उंबऱ्याच्या आत बसून शिवायचा. कावून म्हणून विचारलं तर मार मिळायचा. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भांडण जानकीबाईने अजून चालू ठेवलं होतं. पलीकडून उत्तर येत नाही, एवढाच काय तो फरक.

गोधडी एकटीने शिवता येते, पण ती मग एका बाजूला ओढत जाते. मोठी गोधडी अंथरून चारी बाजूंनी चार बायका बसल्या आणि कडेकडेने आत शिवत आल्या, तरच ती सरळ राहते. जानकीबाईच्या आळीत चार बायका उरल्याच नव्हत्या. एक छबुबाई होती, तिला ऐकू कमी यायचं आणि दिसायचं त्याहून कमी. बाकी कुलपं होती. फरशी केंद्रात, बायका केंद्रात आणि चहासुद्धा केंद्रात. अडला हरी, दुसरं काय! जानकीबाई तोंड वाकडं करून एक दिवस गाठोडं घेऊन आत गेली.

"शिकाय न्हाई आले," तिने आधीच सांगून टाकलं. "जागेपुरती आले."

गाठोड्यातून मनिषाचं अख्खं बाळपण बाहेर आलं. शेकोटीची ठिणगी पडून भोक पडलेला पिवळा झगा. हंगामामुळे दर साली अर्धंच वर्ष वापरला गेलेला शाळेचा निळा ड्रेस. जानकीबाईचं हिरवं लुगडं, ज्याच्या झोळीत मनिषा उसाच्या फडात झोपायची. आतून घालायला धर्मराजची दोन मऊ झालेली धोतरं. एका बाजूला छबुबाई बसली, दुसऱ्या बाजूला केंद्रातलीच एक बाई, तिसऱ्या बाजूला जानकीबाई. चौथी बाजू रिकामी राहिली, म्हणून धनश्री येऊन बसली.

तिचा पहिला टाका बघून जानकीबाई म्हणाली, "हा टाका हाय का बांध?"

बोलल्यावर आवाज तिला ओळखीचा वाटला. पण टाका तिने उसवायला लावलाच.

रोज दुपारी गोधडी पुढे सरकायची आणि संध्याकाळी घडी घालून केंद्राच्या कपाटात जायची. घर गळकं, उंदरांचा सुळसुळाट, म्हणून कपाट बरं. तीन कोपरे झाले, मध्य भरला. शेवटचा कोपरा सासूच्या नेमाप्रमाणे घरी शिवायचा, म्हणून उघडा ठेवला. उद्या घेऊन जाऊ, असं जानकीबाईने ठरवलं. माणसाने उद्या म्हणावं आणि पुढाऱ्याच्या कपाटात काही ठेवावं, या दोन्ही चुका तिने एकाच संध्याकाळी केल्या.

दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं होतं. पोरांचे जिराफ-बैल नव्हते, सुतळीच्या जाळ्या नव्हत्या, गोधडी नव्हती.

"बीडला प्रदर्शन आहे म्हणे," धनश्री आनंदाने म्हणाली. "वहिनीसाहेबांनी सकाळी टेम्पो पाठवला होता. तुमची गोधडी सगळ्यांना आवडणार, आजी."

"कुणाला इचारून नेली?"

धनश्रीच्या चेहऱ्यावरचा आनंद जरा कमी झाला. "परत आणणार आहेत," ती म्हणाली.

आठवडा गेला, प्रदर्शन परत आलं नाही. आली ती लग्नपत्रिका. भाऊसाहेबांची मुलगी ऋतुजा हिचं लग्न केजकडच्या मातब्बर घरात ठरलं होतं. लिंबागणेशच्या गणपतीपुढे पहिली पत्रिका ठेवून झाली होती आणि सबंध गावाला चुलीसकट आवतण होतं. इकडे मनिषाचा फोन आला की ती दोन दिवसांत निघते, पाय सुजलेत, आता वाकवत नाही. जानकीबाईने फोनवर तिला "ये बाई, समदं तयार हाय" म्हणून सांगितलं आणि ठेवल्यावर रिकाम्या घरात चारी बाजूंना बघितलं.

लग्नाला ती जाणार नव्हतीच असं नाही. फुकटच्या जेवणाला नावं ठेवायची तर ते जेवावं लागतं. छबुबाईला हाताला धरून ती बीडच्या वाटेवरच्या मंगल कार्यालयात पोचली आणि दारातच थबकली. आत लांबच लांब टेबलांवर रुखवत मांडलं होतं.

पूर्वी मुलीच्या हाताला काय येतं ते सासरच्यांना दिसावं म्हणून रुखवत मांडत. आता मुलीच्या बापाला काय परवडतं ते दिसावं म्हणून मांडतात. पण पाटीवर मात्र अजून 'वधूने स्वहस्ते केलेले' असंच लिहायचं. ऋतुजाच्या रुखवतात लांब मानेचे बैल होते, त्यांना सोनेरी रंग दिला होता. सुतळीची शिंकी होती. पेन्शनरांनी पाट्यांवर काढलेली काड्यांची माणसं होती. आणि सगळ्यांच्या मधोमध, गुलाबाच्या पाकळ्या टाकून, जानकीबाईची गोधडी पसरली होती. उघड्या कोपऱ्यावर रेशमी फीत बांधून फूल केलं होतं. पाटी होती, 'मायेची ऊब — वधूने स्वहस्ते शिवलेली'. ऋतुजाला परीक्षेच्या क्लासमधून कधी सुई बघायलाही सवड मिळाली नव्हती, हे गावात पोरासोरांना ठाऊक होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं.

जानकीबाई आधी रीतीने गेली. एरवी ती रीतीने जात नसे, पण गरज तिची होती. वहिनीसाहेब पाहुण्यांना अत्तर लावत होत्या, त्यांना तिने बाजूला बोलावलं.

"वहिनीसाहेब, ती मधली गोधडी माजी हाय. बाकी ऱ्हाऊ द्या. माजी पोरगी उद्या यायली, दिवस भरत आलेत तिचे. तेवढी द्या."

वहिनीसाहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. उद्घाटनाच्या दिवशीचं त्या विसरल्या नव्हत्या. "तुझी कशी गं, जानके? सुई केंद्राची, दोरा केंद्राचा, जागा केंद्राची. रोज चहा कुणाचा प्यालीस? तिथं जे होतं ते सगळ्यांचं असतं."

"कापड माजं हाय. माज्या पोरीचे कपडे हायेत त्यात."

"चिंध्या होत्या त्या. लग्नघरात तोंड वाजवू नको. लग्न झालं की एक चांगलं ब्लँकेट पाठवून देते." आणि त्या पुढच्या पाहुणीकडे वळल्या.

धनश्री खांबाजवळ उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले होते, पण डोळे भरून गोधडी परत येत नाही. जानकीबाई तिच्याकडे न बघता रुखवताकडे गेली.

तिथे नवऱ्या मुलाची आई सत्यशीलाबाई, सोबत केजकडच्या दहाबारा बायका, रुखवत बघत होत्या. सत्यशीलाबाई गोधडीवरून हात फिरवत थांबल्या. "सूनबाईचा हात लई मऊ हाय गं," त्या बायकांना म्हणाल्या. "हीच गोधडी नेऊन आधी दोघांच्या खोलीत अंथरायची."

वहिनीसाहेब मागून आल्या आणि धन्य झाल्या.

"अंथरा की," जानकीबाई पुढे होऊन म्हणाली. तिचा आवाज इतका गोड होता की छबुबाई घाबरली. "लई पुण्याचं काम केलं बगा पोरीनं. एवढ्या मोठ्या घरची पोरगी, पण आमच्या म्हातारीच्या लुगड्याची किळस न्हाई केली."

"कोणची म्हातारी?" सत्यशीलाबाईंचा हात गोधडीवरच होता.

"माजी सासू. हे हिरवं लुगडं दिसायलंय न्हवं? ह्याच्यातच तिचा जीव गेला. चार महिने खाटंवर पडून होती, मी उशाशी बसून समदं केलं. पाठीला जखमा झालत्या. धुऊन धुऊन हात मोडले माजे, तरी वास ऱ्हायलाच. पोरगी म्हणाली, ऱ्हाऊ द्या मावशी, मी शिवते."

सत्यशीलाबाईंनी हात असा मागे घेतला की बांगड्या वाजल्या. केजकडच्या बायका एकदम दोन पावलं मागे सरल्या. जुन्या माणसाचं लुगडं गोधडीत सगळेच घालतात, पण जीव गेला ते अंगावरचं लुगडं नवरा-नवरीच्या अंथरुणाला! एकीने पदराने नाक धरलं. दुसरी म्हणाली की मघापासून तिला वास येतच होता.

"ही खोटं बोलतीय!" वहिनीसाहेब ओरडल्या. "त्यातलं काहीच तिच्या सासूचं नाही. ते तिच्या—"

आणि त्या थांबल्या. कारण पुढचं वाक्य 'ते तिच्या पोरीचे कपडे आहेत' असं होतं, आणि ते बोललं की पाटी खोटी पडत होती. ऋतुजाच्या गोधडीत जानकीबाईच्या पोरीचे कपडे आले कुठून, हे मग सांगावं लागलं असतं.

"बोला की, वहिनीसाहेब," जानकीबाई म्हणाली. "कुणाचं हाय?"

उत्तराची वाट न बघता सत्यशीलाबाईंनी आवाज चढवला. "उचला आदी ही घाण हितून! शुभकार्यात काय मांडायचं, काय न्हाई, कळत न्हाई का इथल्या लोकास्नी?"

पण उचलणार कोण? हात लावायला कुणी तयार होईना. वाढपी पुढे झाले आणि मागे सरले. शेवटी जानकीबाईनेच सुस्कारा टाकला, मोठे उपकार करत असल्यासारखी पुढे झाली, पाकळ्या झटकल्या, रेशमी फीत सोडून टेबलावर ठेवली आणि गोधडीची घडी घातली. "मीच नेते बाई. मला काय आता, मेलेल्यांची सवय हाय," ती म्हणाली.

आणि ती न जेवता गेली असं कुणाला वाटत असेल तर त्याला जानकीबाई कळली नाही. गोधडी मांडीवर घेऊन ती पंगतीला बसली. जिलेबी दोनदा मागून घेतली आणि भाजीला मीठ कमी आहे म्हणून वाढप्याला सांगितलं. तिच्या दोन्ही बाजूंना कुणी बसलं नाही, त्यामुळे ऐसपैस जेवण झालं.

मनिषा दुसऱ्या दिवशी आली. पोटाला हात लावत पायरी चढली, गोधडीवर टेकली आणि लगेच उठली. तिचं तोंड उतरलं होतं.

"आई, स्टँडवर बाया सांगायल्या. ह्याच्यात आजी गेली ते लुगडं हाय म्हणं. त्याच्यावर लेकरू निजवू नको म्हणल्या."

जानकीबाईने कपाळावर हात मारला. गाव सगळं खरं खोटं करून सोडतं आणि हे तेवढं एक खोटं खरं मानून बसलं होतं! तिने लेकीला हाताला धरून पुन्हा गोधडीवर बसवलं आणि एकेक तुकडा दाखवला. हा ठिणगीचा झगा. हा शाळेचा ड्रेस. हे हिरवं लुगडं, ज्याच्या झोळीत तू निजायचीस. मनिषा हसली, तरी तिचं मन पूर्ण निवलं नाही. "मग आजीचं काईच न्हाई?" तिने विचारलं.

शेवटचा कोपरा अजून उघडा होता. जानकीबाई उठली, पेटी उघडली आणि तळातून एक जांभळं इरकल काढलं. सासू ते सणालाच नेसायची. भांडण चालू असलेल्या माणसाचं लुगडं तिने इतकी वर्षं जपून का ठेवलं होतं, हे तिला कुणी विचारलं असतं तर शिवी मिळाली असती. तिने कात्रीने त्याचा एक तुकडा कापला आणि उंबऱ्याच्या आत बसून तो कोपऱ्याला लावायला घेतला.

"हे कावून?" मनिषाने विचारलं.

"तिच्या नावावर गोधडी सोडवून आणली. फुकट कशाला घ्यायचं म्हातारीचं? तिचा हिस्सा तिला." जानकीबाईने दोन टाके घातले, डोळे बारीक करून बघितले आणि उसवले. पुन्हा घातले. मग मान वर न करता म्हणाली, "चार महिने उशाशी बसले म्हणून सांगितलं मी तिथं. कुठलं बसती? तवा मी कर्नाटकात फडात होते. हंगाम मोडून मुकादम सोडंना. आले तवा राखसुद्धा ऱ्हायली नव्हती."

मनिषाने कोपऱ्याचं दुसरं टोक ताणून धरलं, म्हणजे टाका सरळ पडावा.